खिशातला हात

आमच्या उंब्रजात टीव्ही खोलायची हिंमत पयल्यांदा मीच केली. मिटवायला मातर कऱ्हाडचा मेकॅनिक बोलवावा लागला, कारण जळालेल्या फ्यूजच्या जागी मी तांब्याची जाड तार बसवली आन् आतनं धूर निघाला.

ह्या गड्याला मी घरोघरी बघितल्यालं. काय बी इचारा, नुसतं "बघू." डावा हात कायम खिशात, समदं काम उजव्यानं. मला वाटायचं, मिजास हाय.

त्यानं प्लग काढला तसं मी शानपणानं आत बोट घातलं, "ह्यो डबा ग्येलाय बगा."

त्यानं झटक्यात खिशातला हात काढून माझं मनगाट धरलं. मग उजव्यानंच पिशवीतनं बल्ब काढून त्याच्या दोन वायरी त्या डब्याला लावल्या. प्लग काढल्याला, तरी डब्यात साठून ऱ्हायल्याल्या करंटनं बल्ब लखकन चमकला.

मनगाटावरची त्याची दोन बोटं वाकडी, काळी पडल्याली. त्यो म्हनला, "माझ्या येळंला धराय कुनी नव्हतं." आन् हात परत खिशात.

चित्र आलं तशी मी बायकोला हाक मारली, "बघ, आमी दोगांनी केला!"

"दादा," त्यो म्हनला, "तुमी फकस्त दोनी हात खिशात ठेवा."