स्टार्टरच्या बटणांवर पस्तीस मिनिटं

शहाद्यात माझ्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या मोटरी, बोअरमधल्या सबमर्सिबल मोटरी जळाल्या की शेतकरी त्या गाडीत टाकून आणतात आणि पप्पा जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. आम्ही दुकानाच्या वरच राहतो. तारेवर लावायच्या वार्निशचा वास आमच्या चादरींना येतो, वह्यांना यायचा, आणि शाळेत असताना मला खात्री होती की माझ्या वेणीलाही येतो. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. माझ्या बाकावर डॉक्टरांची मुलगी बसायची. तिच्या वह्यांना कसलाच वास नसे.

घरात अहिराणी, शाळेत इंग्रजी आणि मराठी एका तासापुरती. मी तिन्ही भाषांत कमी बोलायचे. कॉलेज संपवून घरी आले, वरच्या खोलीत बसून एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करू लागले, तेव्हा बोलायची गरज आणखीच कमी झाली. उरलेल्या वेळात मी एक खेळ खेळत असे. त्यात पाठीवर थैली घेतलेली एक टपालवाली दरीतून डोंगराच्या माथ्यावर चढत जाते. उड्या मारते, दोर पकडते, मध्ये मध्ये लावलेल्या झेंड्यांना हात लावते. पडली तर मागच्या झेंड्यापासून पुन्हा सुरू. बहुतेक लोक हा खेळ आठवडाभर चवीने खेळतात. मी तो चोवीस मिनिटांत संपवायचे.

याला स्पीडरन म्हणतात. एकच खेळ शेकडो वेळा खेळायचा, प्रत्येक उडी घासूनपुसून घ्यायची, सेकंद वाचवायचे. हे करणाऱ्या लोकांचे ऑनलाइन मेळावे होतात. एकामागून एक खेळाडू आपापला खेळ संपवतात आणि बाकीचे बघतात. मी तीन वर्षं नुसती बघत होते. टोपणनावाने, चेहरा न दाखवता, एक शब्द न लिहिता.

मग माझ्या कंट्रोलरचं उडीचं बटण बसलं. सोल्डरिंग करून घेण्यासाठी मी तो घेऊन खाली दुकानात गेले. पप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला. अंगठ्याच्या नखाएवढं ते बटण दोनदा दाबलं आणि म्हणाले, "ह्या बटनवर शेतकरीना अंगठा पडना त ते संध्याकायलोंग टिकाव नही."

भंगाराच्या डब्यातून त्यांनी मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "हाई लाव."

ते थट्टा करत होते. पण त्याच आठवड्यात मी एका मेळाव्याची सूचना वाचली होती. त्यात विचित्र कंट्रोलरवर खेळणाऱ्यांसाठी एक वेगळा भाग होता. कुणी नाचायच्या चटईवर खेळणार होतं, कुणी ड्रमवर. मी वर गेले, अर्ज उघडला आणि कंट्रोलरच्या रकान्यात लिहिलं: घरगुती. किती वेळ लागेल, या रकान्यात लिहिलं: पस्तीस मिनिटं. अर्ज स्वीकारल्याचं कळवताना आयोजकांनी नियमही कळवला. पस्तीस मिनिटं झाली की खेळ जिथे असेल तिथे थांबवायचा, कारण पुढचा खेळाडू तयार बसलेला असतो. मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी लोकांसमोर काही करायला हो म्हटलं होतं. ते अर्ध्यात बंद पडावं, एवढं मला नको होतं.

कंट्रोलरचा डबा आम्ही दोघांनी बनवला. जुन्या स्टार्टरचा पत्र्याचा खोका, वर दोन हिरवी बटणं आणि एक लाल. डाव्या-उजव्या दिशेसाठी पॅनेलवरचा फिरवायचा स्विच, मध्ये शून्य. आत मी एका मोडक्या कीबोर्डचं सर्किट बसवलं. ते कसं चालतं हे पप्पांना माहीत नव्हतं, आणि वायर स्क्रूखाली कशी बसवायची की ती वर्षभर हलणार नाही, हे मला माहीत नव्हतं. एका हिरव्याने उडी, दुसऱ्याने दोर पकडायचा. लाल दाबलं की टपालवाली मागच्या झेंड्यापाशी परत. दोन ठिकाणी उतरत येण्यापेक्षा असं परत जाणं लवकर होतं, म्हणून ते बटण लागायचंच.

पहिल्यांदा पूर्ण खेळ संपवायला मला अठ्ठावन्न मिनिटं लागली.

स्टार्टरचं बटण कडक असतं. चुकून धक्का लागून मोटर सुरू होऊ नये, म्हणून ते तसंच बनवतात. अंगठ्याने दाबलं तर अंगठा थरथरतो. तळहात वापरावा लागतो, आणि तळहाताला माझ्या खेळातलं काहीच येत नव्हतं. तीन वर्षं जे शिकलं ते सगळं दोन अंगठ्यांत साठलं होतं. आता मनगट, कोपर, खांदा, सगळ्यांना एकेक उडी नव्याने शिकवावी लागली. दुसऱ्या दिवशी तळहात सुजले. मम्मीने हळद लावून दिली आणि आजचं पीठ मी मळते म्हणाली.

वरच्या खोलीतलं टेबल डुगडुगत होतं, म्हणून मी दुपारी खाली सराव करू लागले. दुकानातल्या टेबलाला डबा शिकंज्यात घट्ट बसायचा. समोर लॅपटॉप, बाजूला उघडलेल्या मोटरी. तिथे बसायचं म्हणजे गिऱ्हाइकांनी बघणं आलंच. मी मान खाली घालून बटणं दाबत राहायचे. ब्राह्मणपुरीचे एक केळीवाले काका मोटर न्यायला आले होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पप्पांना म्हटलं, "मिस्तरी, पोर कवयनी बटन दाबी ऱ्हायनी, पानी काही निंघत नही."

पप्पांनी हातातल्या तारेच्या वेढ्यांवरून नजर काढली नाही. "तिन्हा बोर खोल शे."

काका हसत गेले. मी मान वर केली नाही, पण त्या दिवशी मी तासभर जास्त बसले.

पप्पा खेळाकडे बघत नसत, माझ्या हातांकडे बघत. आठवड्याने ते म्हणाले, "ठोकू नको. हात बटनवरच ऱ्हाऊ दे. नुसता दाब." खरंच, मी प्रत्येक वेळी हात उचलून आपटत होते. बटणावर तळहात टेकवूनच ठेवला, तर वरून खाली येण्याचा वेळ वाचत होता. एवढ्या एका गोष्टीने माझी सहा मिनिटं कमी झाली.

दिशेचा स्विच मात्र कशानेच सुधारेना. उजवीकडून डावीकडे जाताना तो मधल्या शून्यावरून जायचा आणि टपालवाली क्षणभर थबकायची. हात यापेक्षा जलद फिरणार नव्हता. मग मी रस्ताच बदलायचं ठरवलं. पप्पा वेढे मोजतात तशी मी संपूर्ण खेळातली वळणं मोजली. सत्तर निघाली. कुठे लांबचा कडा धरला, कुठे खालून जाण्याऐवजी वरून गेले, आणि ती अठ्ठेचाळीसवर आणली. हा रस्ता साध्या कंट्रोलरवर कुणी घेणार नाही. तो माझ्या डब्यासाठीच होता आणि मी तो शोधला होता. हे कुणाला सांगितलं नाही, पण दोन दिवस जेवताना मला मधेच हसू यायचं. मेळाव्याच्या आठवड्यात माझी वेळ तेहेतीस मिनिटांवर आली.

माझी पाळी रविवारी दुपारची होती. खेळाडू सहसा खेळता खेळता बोलतात, काय चाललंय ते सांगतात. मी आयोजकांना लिहून कळवलं होतं की मी बोलणार नाही. प्रत्येक टप्प्याबद्दलची टिपणं पाठवली होती आणि निवेदक ती वाचणार होते. कॅमेराही फक्त हातांवर आणि डब्यावर. लोकांना आतलं काम दिसावं म्हणून निवेदकांनी डब्याची बाजूची झाकणपट्टी उघडी ठेवायला सांगितली, तेव्हा सकाळी मी आतली धूळ ब्रशने काढली आणि दिशेच्या स्विचची लोंबणारी वायर ओढून सरळ केली. दिसायला बरं दिसावं म्हणून.

दुकान बंद होतं. शटर अर्धं ओढून पप्पा कॅमेऱ्याच्या बाहेर स्टुलावर बसले. बसू का, हे त्यांनी आधी विचारलं होतं. खिशात नेहमीचा टेस्टर होता.

पहिली वीस मिनिटं चांगली गेली. निवेदक माझी टिपणं वाचत होते आणि अठ्ठेचाळीस वळणांचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मी माझ्या तेहेतीस मिनिटांच्या हिशेबापेक्षा वीस सेकंद पुढे होते. मग एका अरुंद कड्यावर मी स्विच उजवीकडे फिरवला आणि टपालवाली हललीच नाही. पुन्हा फिरवला. नाहीच. मी खाली पाहिलं. सकाळी ओढलेली वायर स्क्रूखालून निसटून बाहेर आली होती.

मी पुढे हात करण्याआधी पप्पांचा हात आला. त्यांनी लाल बटण दाबलं, वायर आत सरकवली, टेस्टरने स्क्रू आवळला, वायर एकदा ओढून पाहिली आणि हात मागे घेतला. पडद्यावर टपालवाली सव्वा मिनिटाच्या अंतरावरच्या मागच्या झेंड्यापाशी उभी होती.

आमच्या भागात मूल विहिरीवर जाऊ लागलं की त्याला हे आधी शिकवतात. वायरला हात लावायचा तर पहिलं लाल, म्हणजे मोटर बंद करायचं बटण. ज्याने दाबलं नाही असा एखादा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो, किंवा असायचा. पप्पांनी तीस वर्षं हेच केलं आहे.

कॅमेऱ्यात सगळ्यांनी काय पाहिलं, तर नखांत वार्निश बसलेला एक काळवंडलेला हात आला आणि खेळाडूला मागे पाठवून गेला. निवेदकांनी विचारलं, हे काय झालं? टिपणांत याबद्दल काही नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. बाजूला लोकांचे संदेश धावत होते. कुणी हसत होतं, कुणी विचारत होतं की कुणी मुद्दाम खोडी काढली का. पप्पांना इंग्रजी येत नाही, पण आपल्यावर काहीतरी चाललंय हे त्यांना कळलं. त्यांनी स्टूल आणखी मागे घेतलं.

ते स्टूल सरकलेलं ऐकून मी माइक सुरू केला.

"ते माझे वडील आहेत," मी इंग्रजीत म्हणाले. "हा डबा त्यांनी बनवलाय. वायरला हात लावायच्या आधी लाल बटण दाबायचं असतं. त्यांनी बरोबर केलं."

माइक बंद करायला एक हात मोकळा हवा होता आणि तो मला परवडणारा नव्हता. म्हणून तो सुरूच राहिला आणि मी बोलत राहिले. लहान लहान वाक्यं. आता हा दोर. इथे डावीकडे वळायचं नाही, वरून जायचं. ही उडी हात उचलला तर चुकते. निवेदकांनी टिपणं वाचायची थांबवली.

दुरुस्तीत आणि मागे जाण्यात मिळून दोन मिनिटं गेली होती. त्यात मधल्या टप्प्यात माझी एक उडी चुकली. शेवटच्या टप्प्यावर आले तेव्हा मला कळलं की ठरवलेल्या रस्त्याने गेले तर पस्तीस मिनिटं उलटून दहा सेकंद होतील. दुसरा रस्ता होता. दोन दोरांपैकी दुसरा सोडून द्यायचा आणि कड्यावरून थेट माथ्याकडे झेप घ्यायची. सरावात ती झेप तीनदा केली तर एकदा जमायची. चुकली तर खाली, आणि खेळ तिथेच थांबणार.

मी झेप घेणार आहे, असं मोठ्याने सांगितलं. सांगितल्यावर मागे फिरता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. स्विच उजवीकडे, तळहात हिरव्या बटणावर टेकवलेला. कड्याचं शेवटचं टोक येईपर्यंत मी दाबलं नाही. मग दाबलं, आणि टपालवालीचे हात माथ्याच्या कडेला लागले.

चौतीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

निवेदक काहीतरी आनंदाने बोलत होते. मी आभार मानून माइक बंद केला आणि मागे वळले. पप्पांना हे चांगलं झालं की वाईट, हे कळलेलं नव्हतं. मी सांगितलं की झालं, वेळेत झालं. त्यांनी मान हलवली. मग हळू आवाजात विचारलं, की त्या लाल बटणाने तुझं नुकसान झालं का. मी अहिराणीत म्हटलं की डब्यात पाचच व्होल्ट होते, हात लावला असता तरी चाललं असतं.

"हातले काय मालूम," ते म्हणाले, "पाच व्होल्ट शेत का चारशे."

संध्याकाळी निकालांची यादी लागली. खेळ, टोपणनाव, वेळ, आणि कंट्रोलरच्या रकान्यात मी भरलेला तो एकच शब्द, घरगुती. मी तो पुन्हा वाचला. मग आयोजकांना लिहिलं की हा रकाना दुरुस्त करावा. कंट्रोलर: मोटर स्टार्टर. बनवणारे: माझे वडील, मोटर वाइंडिंग, शहादा. मी कुठली आहे हे तीन वर्षांत मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी तासाभरात बदल केला. मी लॅपटॉप खाली नेऊन पप्पांना दाखवला आणि ओळीचा अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं त्यांना पाट्यांपुरती लागतात. बोट ठेवून ठेवून त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत नेली. मग पुन्हा सुरुवातीला आले.

"सबमर्सिबल लिखानं ऱ्हाय गयं," ते म्हणाले.

मी तिथेच टेबलाशी बसून आयोजकांना दुसरं पत्र लिहिलं.