कॉलरबाईची डबी

कारखान्यात तिला सगळे कॉलरबाई म्हणत. शर्ट शिवणं ही काही फार मोठी विद्या नाही, पण कॉलर बसवताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. एक टोक वर जातं, दुसरं रुसून बसतं. हिच्या हातची कॉलर कधी रुसली नाही. स्वभाव मात्र तिखट. सुपरवायझर तिच्या मशीनपाशी आला की आवाज आपोआप खाली आणायचा.

त्या कारखान्याची एक जुनी रीत होती. शिलाई मशीनच्या पोटात, सुईच्या बरोबर खाली, खालच्या दोऱ्याची बॉबिन बसवायची लोखंडी डबी असते. ती नसेल तर मशीन नुसतं घरघरतं, टाका पडत नाही. मालकाने दिलेल्या डब्या झिजून गेल्या तेव्हा तो म्हणाला, "नवीन हव्यात तर आपापल्या आणा." बायकांनी पदरमोड करून आणल्या. मग प्रत्येकीने आपल्या डबीचा स्क्रू आपल्या हाताला जुळवून घेतला, आणि सुट्टी झाली की डबी काढून रुमालात बांधून घरी न्यायची सवय लागली. मालकाला केवढा आनंद झाला होता! तेवढाच खर्च वाचला.

मग साथ आली आणि एका संध्याकाळी सगळं बंद झालं. बायका रोजच्यासारख्या डब्या घेऊन घरी गेल्या आणि घरीच राहिल्या. मजुरी थांबली. मालकाने फोन उचलणं सोडलं. कॉलरबाईच्या दोन खोल्यांत दोन संसार होते, तिचा आणि धाकट्या जावेचा. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा, ती दारात धूळ खात उभी. दीर हॉटेलात वेटर होता, त्या हॉटेलच्या शटरवर आता कुणीतरी भाड्याने देण्याची पाटी लावली होती. धाकटी लॉजमध्ये खोल्या आवरायची. माणसंच हिंडत नाहीत म्हटल्यावर खोल्या कुणासाठी आवरायच्या? दोघे भाऊ दिवसभर एकमेकांच्या पायात येत आणि बायका जेवताना आम्हाला भूक नाही म्हणत. ते खोटं आहे हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

अशात मालकाला दवाखान्यांच्या गाऊनची मोठी ऑर्डर मिळाली आणि कारखाना उघडायची परवानगीही. मालकाचा फोन आता आपणहून आला. "मंदी आहे, बाई. अर्ध्या मजुरीवर या."

"ऑर्डर पण अर्धीच घेतलीत का?" कॉलरबाईने विचारलं.

मालकाने फोन ठेवला. तिने लागलीच सगळ्या जुन्या बायकांना कळवलं की अर्ध्यावर कुणी जायचं नाही. कुणी गेली नाही. पण भूक काय जुन्याच बायकांना होती? मालकाने नव्या गोळा केल्या. कुणी पार्लरमधली, कुणी खेळण्यांच्या दुकानातली. त्यांत आमची धाकटीही होती, थोरल्या जावेला न सांगता.

पहिल्याच सकाळी सगळ्यांची पंचाईत झाली. मशीन चालू, सुई खालीवर, टाका शून्य. डब्या नाहीत! सुट्या भागांची दुकानं कुलूपबंद, तो सगळा बाजारच सील केलेला. सुपरवायझरने कपाळावर हात मारून घेतला. मग त्याने धाकटीला बाजूला घेतलं. "तुझ्या जावेची डबी आण. तुला कायम करतो."

दुपारी कॉलरबाई अंघोळ करून आली तर धाकटीचा हात तिच्या शिवणाच्या टोपलीत.

"काय शोधतेस?"

धाकटी दचकली, पण हात काढला नाही. "डबी द्या ताई. पोरांना पाणी घालून दूध पाजतेय मी. तुमचा ताठा मला परवडत नाही."

कॉलरबाईला असा राग आला की कानशिलं तापली. पोरीचा राग नव्हे. पोरीला चोर बनवणाऱ्याचा.

"घे," ती म्हणाली. "चोरून कशाला? हातात देते. पण ऐक. अर्धी मजुरी एकदा घेतलीस की तीच पूर्ण मजुरी होते. साथ जाईल, अर्धं जाणार नाही. मालकाला डब्या हव्यात ना? मग आपण सगळ्याच जाऊ. जुन्याही, नव्याही. दर जुनाच."

धाकटीने डबी परत टोपलीत ठेवली. मग उठली आणि नव्या बायकांना फोन लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर बायकाच बायका. अंतर राखायला मालकानेच रस्त्यावर चुन्याची वर्तुळं काढून घेतली होती, एकेका वर्तुळात एकेक उभी. आत ऑर्डर अडली होती, तरी मालकाने तासभर ताणून धरलं. शेवटी सुपरवायझर निरोप घेऊन आला. "जुना दर कबूल. जुन्या, नव्या सगळ्या या. फक्त कॉलरबाई नको."

कॉलरबाई बायकांकडे वळली. "जा गं. कामाला लागा. घरी पोरं वाट बघतायत."

धाकटीने एकदा फाटकाकडे पाहिलं आणि आपल्या वर्तुळात फतकल मारून बसली. "मी नाही जात."

"अगं, वेड लागलंय का तुला? पोरांचं काय?"

"पोरं तुमचीही आहेत. गप्प बसा."

मग पार्लरवाली बसली. मग एकेक करून सगळ्या. सुपरवायझर म्हणाला, जमाव करू नका, पोलीस बोलावीन. धाकटी म्हणाली, "बोलवा की. एका वर्तुळात एकच आहे, मोजून घ्या."

ऊन चढलं. आतून एकही मशीन वाजलं नाही. अखेर सुपरवायझरने फाटक सताड उघडलं. "चला. कॉलरबाई, तुम्हीसुद्धा."

बायका उठायला लागल्या. कॉलरबाई जागची हलली नाही.

"हे मालकांना स्वतः येऊन सांगू दे."

"ताई, आता पुरे ना," धाकटी कुजबुजली.

"पुरे कसं? उपाशी होतो तेव्हा यांनी फोन उचलला नाही. आता इथवर चालत येऊ दे."

बायका पुन्हा खाली बसल्या. सुपरवायझर आत गेला. आणि थोड्या वेळाने मालक उन्हातून चालत फाटकापर्यंत आला.