दादाच्या गाडीचा विमा

वडीगोद्रीच्या फाट्यावर दादानं गाडी लावली, माझी बॅग उतरवली आणि पुण्याची बस येईपर्यंत आम्ही एका पानटपरीच्या सावलीला उभे राहिलो. बाबा मागून सायकलवर आले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि निरोप देतानाही त्यांना काहीतरी शिकवायचंच असायचं. "कागद वाचल्याबिगर सही करू नको," ते म्हणाले. "कुनी किती बी जल्दी लावू दे." आई घरीच थांबली होती, तिला फाट्यावर लोकांसमोर रडायचं नव्हतं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा मिलिंददादा सारखा घड्याळ बघत होता. त्याला जालन्याच्या एमआयडीसीत दुपारच्या पाळीला जायचं होतं. बस हलायच्या आधीच त्यानं किक मारली आणि तो निघून गेला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. मला त्याचा फार राग आला होता.

हे मी वडीगोद्रीत राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि तिथून माझ्यासारखं निघून आलेल्यांसाठीही. माझ्याबद्दल गावात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, मी पुण्यात विमा कंपनीत मोठी साहेब आहे. दुसरी, मी माझ्या भावाच्या पोरीचं वाटोळं केलं. यातली पहिली गोष्ट खरी नाही.

मी खराडीतल्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून बसते. मोटार क्लेम विभाग. अपघात झालेल्या गाड्यांचे आणि माणसांचे फोन आमच्याकडे येतात. पहिला महिना माझी जीभ सरळ करण्यात गेला. ‘न्हाई’ नव्हे ‘नाही’, ‘गेल्ते’ नव्हे ‘गेले होते’, ‘मंग’ तर बिलकुल चालायचं नाही. मी लवकर शिकले. वर्षभरात सुट्टीला घरी गेले तर शीलावहिनी, म्हणजे दादाची बायको, हसून म्हणाली, "रत्ना, तू तर बातम्या सांगितल्यावानी बोलून राह्यलीस गं." मला ते आवडलं होतं.

माझ्या आवाजात माया आहे, असं आमच्या टीम लीडरचं म्हणणं होतं. त्यामुळं नकाराचे फोन माझ्याकडे यायला लागले. दावा नामंजूर झालाय हे मी सांगितलं की लोक चिडत नसत, फक्त गप्प होत. पुढं कंपनीनं नकाराची पत्रं मराठीतून पाठवायचं ठरवलं, तेव्हा मजकूर मीच लिहून दिला. ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तथापि, पॉलिसीच्या अटींनुसार आपला दावा विचारात घेता येत नाही.’ तो ‘तथापि’ मला सुचला तेव्हा मी खूश झाले होते. मास्तरांची मुलगी शोभते, असं वाटलं. बाबा तोपर्यंत गेले होते, नाहीतर मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं असतं.

आता विम्याचं सांगते, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आपल्याकडे विम्याचा कागद म्हणजे पोलिसानं हात केल्यावर दाखवायची वस्तू. दादाही त्याच्याकडे तसंच बघायचा. गाडीच्या डिकीत, प्लास्टिकच्या पिशवीत, लायसनसोबत. रस्त्यावर गाडी आणायची तर विमा असायलाच हवा असं कायदा सांगतो हे खरं. पण त्यातलं मुख्य सक्तीचं असतं ते समोरच्यासाठी: तुमच्या गाडीनं कुणाला धडक बसली, कुणी मेलं, तर त्याची भरपाई. त्याला थर्ड पार्टी म्हणतात. तुमची गाडी मोडली तर त्यासाठी वेगळा विमा. आणि गाडीचा मालक स्वतः गाडी चालवताना मेला तर त्याच्या घरच्यांसाठी आणखी एक रकाना असतो, मालक-चालकाचं अपघात संरक्षण. तेही घ्यावं लागतं. फक्त एक वाट ठेवलेली आहे. ‘असं संरक्षण माझ्याकडे दुसरीकडून आहे,’ असं मालकानं लिहून दिलं, की तो रकाना गळतो आणि हप्ता थोडा कमी होतो.

दादाच्या गाडीचा विमा दरवर्षी मी भरायचे, माझ्याच कंपनीचा. राखीला त्यानं ओवाळणी दिली की त्याबदल्यात माझ्याकडून हा कागद, असं आमचं ठरून गेलं होतं. त्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून, मी फोनवर फॉर्म भरला. त्या रकान्यावर आले. दादाकडे दुसरं कुठलंही संरक्षण नाही, हे मला माहीत होतं. तो सळईच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर होता, कारखान्याच्या रजिस्टरात त्याचं नावसुद्धा नव्हतं. तरी मी ‘हो, आहे’ वर टिक केली. जे वाचले ते एका जेवणाचेही पैसे नव्हते. मला वाटतं, मी ते पैशासाठी केलंच नाही. आतल्या माणसांना ही युक्ती ठाऊक असते आणि मी आता आतली होते. फॉर्म भरून झाल्यावर शेजारच्या मैत्रिणीला मी ते हसत सांगितलं होतं.

चार महिन्यांनी दादा रात्रपाळी करून सकाळी घरी येत होता. अंबड सोडल्यावर, ऊन चांगलं वर आलेलं असताना, कपाशीच्या रानातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून थेट गाडीसमोर आलं. दुसरी गाडी नाही, ट्रक नाही, कुणाची चूक नाही. ते जनावर उठून रानात निघून गेलं, दादा उठला नाही. त्याची मुलगी प्रज्ञा तेव्हा सात वर्षांची होती.

पुण्याहून निघालेल्या बसमध्ये मी खिडकीशी बसून आधी रडले. नगरच्या पुढं कधीतरी रडणं थांबलं आणि माझ्यातली क्लेमवाली जागी झाली. कोणकोणते कागद लागतील याची मी मनात यादी केली: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, लायसन. मग पॉलिसी बघायला फोन उघडला. रकाना समोर होता. ‘मालक-चालक संरक्षण: लागू नाही.’ खाली बारीक अक्षरांत कारण. शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं. तिला वाटलं मला बस लागतेय.

घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. आईनं मला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माजी रत्ना तितंच कामाला हाय. लोकायचं करती, मंग भावाचं न्हाई का करनार?" बायकांनी माना हलवल्या. भिंतीला टेकून बसलेल्या वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भरवसा होता. मी म्हणाले, "बघते मी वहिनी, तू काळजी करू नको."

मी दोन महिने ‘बघते’ म्हणत राहिले. प्रोसेस चालू आहे, साहेब रजेवर आहेत, एक कागद कमी पडतोय. फोनवर माणसांना टांगून ठेवायची सगळी वाक्यं मला पाठ होती, ती मी वहिनीवर वापरली. ती बारावी शिकलेली. शेवटी मला न सांगता अंबडला जाऊन तिनं स्वतःच दाव्याचा अर्ज भरला.

पत्र आलं त्या दिवशी तिचा फोन आला. मी कामावर होते.

"रत्ना, कंपनीचं पत्र आलंय. ह्यात लिव्हलंय, ‘आपण अर्जात दुसरे संरक्षण असल्याचे घोषित केले आहे.’ ह्यांला तर मोबाइलवर फारम भरता येत न्हवता. मंग हे ‘आपण’ कोन?"

समोर दुसरा कॉल लुकलुकत होता.

"कोन, रत्ना?"

"मी," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवला नाही. पत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मग शांतपणे म्हणाली, "रविवारी ये."

रविवारी गेले. आई बाजेवर बसली होती, प्रज्ञा तिच्या मांडीवर. भावकीतले चारपाच जण मुद्दाम बोलावलेले होते. वहिनीनं पत्र माझ्या हातात दिलं.

"वाचा."

"वहिनी, तुला सगळं माहीत आहे."

"आत्याबाईला न्हाई माहीत," ती माझ्या आईकडं, तिच्या सासूकडं, बोट करून म्हणाली. " भावकीला न्हाई. तुमीच वाचा. तुमचा आवाज चांगला हाय म्हनतेत."

‘तुमी’ हा शब्द तिनं माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला. लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीत होते. माझ्या वेण्या तिनं घातल्या होत्या. मी वाचायला लागले. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तथापि. माझा आवाज आपोआप कामावरचा झाला, तो मला थांबवता येईना. आईला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे कवा मिळनार?"

"न्हाई मिळनार, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "ह्यांनी पुन्यात बसून लिव्हून दिलं की आपल्याकडं दुसरं हाय. आता सांगा म्हनावं, काय हाय आपल्याकडं दुसरं?"

ती ओरडली असती, मला मारलं असतं, तर बरं झालं असतं. ती उठून चहा ठेवायला गेली. एक म्हातारे नातेवाईक, बाबांचे मित्र, जाताना म्हणाले, "मास्तरानं गावाला कागद वाचायला शिकविलं आन् घरात हे." आई त्या दिवसानंतर माझ्याशी बोलते, पण माझ्या कामाविषयी कधीच विचारत नाही.

दर महिन्याला मी पैसे पाठवायचे, वहिनी ते परत पाठवायची. सहा महिन्यांनी गावातल्या घराला कुलूप लावून ती आईला आणि प्रज्ञाला घेऊन जालन्याला गेली. एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात तिला बी निवडायचं काम मिळालं. भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. हे मला कुणी कळवलं नाही. मी वडीगोद्रीला गेले तेव्हा कुलूप बघून कळलं. शेजारणीनं पत्ता दिला, पण घरात ये म्हणाली नाही.

तुम्ही विचाराल, मग नोकरी सोडली का? नाही सोडली. मी अजून तिथंच आहे, मला बढतीही मिळाली. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. पोरगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, पॉलिसीत नुसती थर्ड पार्टी. मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. बोलता बोलता माझ्या तोंडून ‘बराबर आहे’ निघून गेलं. म्हातारा एकदम म्हणाला, "ताई, तुमी आपल्याकडच्याच का? कोनतं गाव तुमचं?" त्यांच्या आवाजात इतकी आशा आली, जणू गाववाली भेटली म्हणजे काम झालंच. मी म्हणाले, "पुणे." मग विचारलं, आणखी काही मदत करू शकते का?

कुणी घर कुठं म्हणून विचारलं तर आता मी जालना सांगते. तिथल्या त्या दोन खोल्या. वर्षातून दोनदा जाते, आधी फोन करून. वहिनी नाही म्हणत नाही. दारात पाणी देते, नवी सतरंजी अंथरते. प्रज्ञा आत्या म्हणते, पण अभ्यासाची वही माझ्यासमोर उघडत नाही.

परवा गेले तर दारात एक स्कूटी उभी होती. कारखान्यात जायला-यायला वहिनीनं स्वतःच्या पगारातून घेतलेली. मी न राहवून विचारलं, "विमा काढला का?" ती आत गेली, फाइल घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवली.

"बघा. सगळं मीच भरलंय."

मी बघितलं. थर्ड पार्टी होतं, गाडीच्या नुकसानीचं होतं, मागं बसणाऱ्याचं होतं, मालक-चालकाचं होतं. वारस म्हणून प्रज्ञाचं नाव होतं. प्रज्ञा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असल्यानं तिच्या वतीनं पैसे कोण स्वीकारणार, असा एक रकाना त्याखाली असतो. तिथं लोक आत्या, मामा, काका यांची नावं लिहितात. वहिनीनं पलीकडच्या खोलीतल्या, तिच्यासोबत कामाला जाणाऱ्या बाईचं नाव लिहिलं होतं. नातं: शेजारीण.

मी तो रकाना पुन्हा वाचला. मी वाचत असताना ती माझ्याकडं बघत होती.

"बराबर हाय ना?"

"बराबर आहे, वहिनी. काहीच चूक नाही."

"मंग घ्या जेवून," ती म्हणाली आणि सतरंजीवर एकच ताट मांडलं. "पाव्हन्यांनी आधी बसावं. आमी घरचे मागून बसतो."