तीन टोकांचा रुमाल

आता खोटं कशाला बोलू, पोराच्या साखरपुड्यात माझा जो जळफळाट झाला तो सुनेवरून नव्हता. सून बिचारी गुणाची. जळत होते मी विहीणबाईंवर, आणि तेही एवढ्याशा रुमालावरून.

आमच्याकडे साखरपुड्याला मुलाचा पोशाख मुलीकडचे करतात. विहीणबाई मूळच्या विट्याच्या, पण सोनं गाळायच्या धंद्यापायी नवऱ्याबरोबर तीस वर्षं मदुराईला राहिलेल्या. त्यांनी निळा सूट पाठवला, आणि कोटाच्या वरच्या खिशात ठेवायला सायीच्या रंगाचा रेशमी रुमाल.

"ह्याला पॉकेट स्क्वेअर म्हणतात, आई," पोरगा म्हणाला.

"रुमालच की. घाम पुसायला?"

"न्हाई गं, नुसता दिसायला."

दिसायला तर दिसायला. रुमालाची घडी हे माझं काम. माझे वडील माधवनगरच्या मिलमध्ये घडी खात्यात होते. काठाला काठ कसा लावायचा, अंगठ्यानं रेघ कशी दाबायची, हे त्यांनी मला घरी स्वतःच्या धोतरावर शिकवलं. शाळा चौथीतच सुटली, पण घडी काही सुटली नाही. पोरगा बालवाडीत होता तेव्हा त्याच्या छातीवर रुमाल पिनेनं लावायचे, तोसुद्धा इस्त्री करून. आता तो पुण्यात नोकरीला, तरी घरी आला की जाताना सात रुमाल माझ्या हातचेच बॅगेत जातात. तेव्हा हाही मीच घडी घालून, बोटभर सरळ पट्टी वर दिसेल असा कोटाच्या खिशात बसवला.

साखरपुडा विट्यालाच, सकाळी. कार्यालयातल्या खोलीत पोरगा तयार झाला आणि विहीणबाई आत आल्या. खिशाकडं बघून म्हणाल्या, "छान हाय ताई. पण बँकेतल्या साहेबासारखं दिसतंय. आज जरा फुलवूया की."

मी हो-नाही म्हणायच्या आत रुमाल त्यांच्या हातात. दोनदा झटकला, माझी रेघ गेली. मग इकडून दुमडला, तिकडून दुमडला आणि खिशातून तीन टोकं वर काढली, अगदी पाकळ्यांसारखी.

पोरगा आरशात बघून म्हणाला, "आई, बघ की! लय भारी!"

एवढी वर्षं माझे रुमाल त्यानं खिशात कोंबले. भारी कधी म्हणाला नव्हता.

मी तोंडानं "छान" म्हटलं. आमचे हे, फौजेतून रिटायर झालेले, दुसऱ्याच्या बुटाची पॉलिश लांबून ओळखतील, पण बायकोचं तोंड ओळखायचं म्हटलं की संपलं. मला विचारतात, "काय गं, गॅस झाला का?"

"व्हय, गॅसच झालाय," मी म्हटलं.

पुढं पोरगा पाटावर बसला. व्याह्यांनी त्याला कुंकवाचा टिळा लावला. अंगात कोट, अवतीभवती माणसांची गर्दी, घामानं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं. मी उठले. माझ्या कमरेला माझा सुती रुमाल खोचलेला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी माझा हात त्याच्या खिशाकडं गेला. तीन टोकं धरून तो रुमाल मी ओढला आणि त्याचं कपाळ पुसलं.

रेशीम कसला घाम टिपतंय! कुंकू पसरलं आणि तिन्ही टोकं लाल झाली.

"आई! अगं तो पुसायचा न्हवता!"

बायका हसल्या. एक म्हणाली, "आईच ती. पोराचा घाम दिसल्यावर दुसरं काय दिसतंय तिला?" सगळ्यांना वाटलं, भोळी बाई आहे. मीही वाटू दिलं. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या कमरेच्या रुमालाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मला जमीन दुभंगावी असं झालं.

त्यांनी रुमाल घेऊन उलटसुलट बघितला. मग सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला.

"माझी घडी आता न्हाई चालायची ताई. टोकं वर काढली की डाग दिसतोय. तुमची सरळ घडीच घाला. टोकं आत जातील."

गुडघ्यावर ठेवून घातली मी घडी. जन्मात पहिल्यांदा काठाला काठ लागला नाही, सुतभर राहिलाच. तसाच खिशात ठेवला.

म्हणजे बघा, अंगठी घालतानाच्या सगळ्या फोटोंत पोराच्या खिशात माझीच घडी आहे. मला हवं होतं ते झालं. पण अल्बम उघडला की मला तो सुतभर वाकडा काठच दिसतो, आणि मागं उभ्या विहीणबाई. कुणाजवळ एका शब्दानं बोलल्या नाहीत हो. त्या बोलल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मी कधीच विसरले असते. एवढं मोठं मन त्यांनाच कसं मिळालं, ह्यावरूनही आता मी जळते.

पुढच्या महिन्यात लग्न. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून नवा रुमाल आला, बिनघडीचा. पोरगा फोनवर म्हणाला, "त्या म्हणाल्या, आईंना आवडंल तशी घडी घालू दे."

आठ दिवस झाले, दुपारी हे झोपले की मी सरावाला ब्लाऊजपीस घेऊन बसते. दोन टोकं उभी राहतात, तिसरं पडतं. विहीणबाईंना फोन लावला तर त्या दोन मिनिटांत दाखवतील. नंबर काढते, बघते आणि फोन पालथा ठेवून पुन्हा पहिल्यापासून दुमडायला घेते.