गेरूचा पट्टा

उखर्डू हे नाव मुळात मरणाला चकवायला ठेवलेलं. आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथं जन्मलं तसं आजीनं त्याला नेऊन उकिरड्यावर ठेवलं. मग शेजारीण आली, ‘कोनं टाकेल पोर शे’ म्हणत तिनं ते उचललं आणि घरात आणून दिलं. टाकून दिलेल्या वस्तूकडे मरण बघत नाही, अशी आपल्याकडची समजूत. हसा खुशाल. पण पोर जगलं, पासष्टीला टेकलं, आणि एखादी खूण केली की जीव राखता येतो हे त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे, म्हणून आधी सांगितलं.

एरंडोलहून पद्मालयाच्या गणपतीकडे जाताना आडवाटेला चार-पाच घरांची वस्ती होती. तिथं तो आणि त्याची बायको भिकुबाई. ती पण तसलीच, नवस करून भीक मागून वाचवलेली. उभा जन्म त्यानं रानात मजुरी केली, जाळरेषा काढल्या, वणवे विझवले, तोडीच्या वेळी झाडांना खुणा केल्या. गुडघा गेला तेव्हा काम सुटलं, पण रान काही सुटलं नाही. रोज सकाळी काठी घेऊन निघायचा. भिकुबाई म्हणायची, मी मेले तर हा माणूस आधी झाडांना सांगायला जाईल.

लोकांना फिरवणं कसं सुरू झालं, तर एरंडोलच्या एका मास्तरांची झोप उडाली होती. महिनोन्‌महिने डोळ्याला डोळा नाही. दर्शनाला आलेला हा माणूस उगाच उखर्डूच्या मागं मागं रानात गेला आणि एका अंजनाच्या झाडाखाली असा झोपला की उन्हं कलल्यावर उठला. झालं. बातमी गावभर. मग कोणाचा जीव घाबरायचा, कोणाचं घरात मन लागायचं नाही, कोणी बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून बसलेली, सगळे यायला लागले. धुळ्याचा एक डॉक्टरसुद्धा औषधाच्या चिठ्ठीच्या मागं लिहायचा : उखर्डूकडे जा. कोणी त्याला झाडांचा डॉक्टर म्हटलं की तो भडकायचा. मी बरं करत नाही, फिरवून आणतो, एवढंच म्हणायचा.

त्याची रीत साधी. चपला वस्तीवरच काढायच्या. वाटेत बोलायचं नाही. पहिले आठ दिवस नुसतं चालायचं. मग ज्या झाडापाशी माणूस आपसूक थांबेल ते झाड त्याचं. पुढं रोज तिथंच बसायचं, पाठ खोडाला लावून. जे पोटात आहे ते झाडाला सांगायचं, नाहीतर नाही सांगायचं. उखर्डू वीस पावलांवर पाठ करून बसायचा आणि बिडीसुद्धा ओढायचा नाही.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर लालचंद शेठ आले. एरंडोलला त्यांचं धान्याचं दुकान. स्कूटरच्या मागं बायको बसलेली, लाडकुंवर. तिशीचीही नव्हती, पण गालफडं बसलेली आणि ओठांना चिरा. शेठनं बाजूला घेऊन सांगितलं. त्या उन्हाळ्यात त्यांची पाच वर्षांची मुलगी, बदामी, जुलाबानं गेली. तेव्हा घरोघरी एकच सांगणं असायचं, जुलाब लागले की पाणी तोडायचं, थेंबही द्यायचा नाही. चार बायांनी सांगितलं, हिनं ऐकलं. पोर दोन दिवस पाणी मागत होती आणि ही तिच्या ओठांना ओला बोळा लावत बसली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाला, पाणी दिलं असतं तर पोर जगली असती. त्या दिवसापासून बाई बोलली नाही, आणि पाण्याचा तांब्या दिसला की तोंड फिरवायची. दूध, ताक, काय घोटभर जबरदस्तीनं जाईल ते. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आतनं सगळं सुकत चाललंय, पाणी सुरू झालं नाही तर येता उन्हाळा निघणार नाही.

उखर्डूला स्वतःचं मूल नव्हतं. पण ते ऐकून तो शेठना म्हणाला, रोज आणा.

आठ दिवस चालून झाले, नववा दिवस उजाडला आणि ती थांबली ती एका पोरसवदा अंजनापाशी. मांडीएवढं खोड, कमरेइतक्या उंचीवर जुन्या कुऱ्हाडीचा एक घाव. बसली. रडली नाही, काही नाही. असे पंधरा दिवस गेले आणि उखर्डूचा धीर सुटायला लागला. मग एक दिवस त्यानं आपला नेम मोडला, वीस पावलांवरून उठून जवळ आला. स्वतःच्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला, बुंध्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “पहिले झाडले पानी, मंग तुले.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. तिनं बुंध्याशी पाणी ओतलं, सावकाश, धार तुटू न देता. माती पाणी पिते तसा जो आवाज होतो तो ऐकत राहिली. तांब्यात तळाला राहिलं ते तिनं तोंडाला लावलं. दोन घोट. उखर्डूनं पाठ फिरवली, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते.

तेव्हापासून तोच नेम झाला. आधी झाड, मग ती. दोनाचे चार घोट, चाराचा अर्धा तांब्या. घरी थेंब नाही घ्यायची, जे काय ते झाडापाशी. शब्द अजून नव्हता, पण ओठांच्या चिरा भरल्या. शेठ वस्तीवर दगडावर बसून वाट बघायचे आणि तिच्या हातातला रिकामा तांब्या बघून रुमालानं तोंड पुसायचे.

आणि माघात तोड लागली.

त्या बाजूच्या रानाची पाळी होती, मोजणीची माणसं येऊन गेली होती. अंजन गेला तर बाई गेली, सरळ होतं. पण तो घाबरणारा गडी नव्हता. त्याच्या काळात राखायच्या झाडाला गेरूचा पट्टा मारत. पट्टा दिसला की कुऱ्हाड पुढं जायची, असा कायदा. त्यानं स्वतः हजारो पट्टे मारले होते. या खेपेलाही कैक झाडांना पट्टे दिसत होते, अंजन तेवढा कोरा. घरी येऊन भिकुबाईच्या कोनाड्यातला गेरू काढला, सारवायचं फडकं घेतलं आणि संध्याकाळी अंजनाच्या छातीवर हातभर रुंद पट्टा ओढला. चांगला गोल, कुठं तुटू न देता. भिकुबाईनं विचारलं होतं, जंगल खात्याच्या नाक्यावर एकदा विचारून का नाही घेत? तो तिच्यावर खेकसला. ज्या रानात जन्म गेला तिथं मी काय विचारू, आणि कोणाला?

हाय रे माणसा. त्याचं काम सुटल्यापासूनच्या सहा वर्षांत खूण फिरली होती. आता राखायच्या झाडावर हातोड्याचा शिक्का बसायचा, आणि गेरूचा पट्टा तोडायच्या झाडाला. अंजनाला त्या दिवसापर्यंत कोणीही हात लावलेला नव्हता. ते तोडीत नव्हतंच. पट्टा नसता तर ते उभं राहिलं असतं.

त्याला हे कळलं ते तोडणाऱ्यांच्या मुकादमाकडून. चौथ्या दिवशी सकाळी तो लाडकुंवरला घेऊन निघाला आणि वाटेवर गाडीत भरलेल्या लाकडांत त्याला आपलाच हातभर रुंद पट्टा दिसला. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन ओंडके. मुकादम सहज बोलून गेला, पट्टेवाली सगळी निघाली, आबा. तिला दुसऱ्या वाटेनं न्यावं म्हणून त्यानं हात आडवा केला. पण ती रोजची वाट, तिला आता वाटाड्याची गरज काय? ती पुढं निघून गेली होती.

तो पोचला तेव्हा ती बुंध्यासमोर उभी होती. गुडघ्याइतक्या उंचीचं खोड उरलेलं, वर ओली तांबडी चकती. हातात भरलेला तांब्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. आता ही कधी पिणार नाही. आपल्या हातानं मारली आपण हिला. तो मटकन खाली बसला आणि कपाळ बडवायला लागला. सगळं सांगितलं त्यानं, गेरू, फडकं, भिकुबाईचं बोलणं, सगळं. “मीच मारं, माय. मना हातनी. वाचावाले गऊ नि मारी टाकं,” असं परत परत म्हणत राहिला.

ती ऐकत होती. मग नऊ महिन्यांत न निघालेला आवाज निघाला, खरखरीत, ओळखू न येणारा.

“मीही वाचवायलाच पाणी तोडलं होतं, आबा.”

एवढं बोलून ती त्याच्यासमोर बसली. तांब्या पुढं केला. त्यानं मान हलवली, मला नको, माझ्या घशाखाली उतरणार नाही, मी पाणी पिण्याच्या लायकीचा नाही. तिनं तांब्या मागं घेतला नाही. त्याच्याच बोलीत, त्याचेच शब्द फिरवून म्हणाली, “पहिले आबाले पानी, मंग मले.”

तेव्हा उखर्डूला कळलं की आपण कशात सापडलो. न पिऊन चालणारच नव्हतं. तो प्याला. पाणी घशात अडकलं, नाकातून आलं, तरी प्याला. उरलेलं तिनं घेतलं.

त्यानंतर त्यानं कोणालाही रानात नेलं नाही. लोक यायचे, चिठ्ठ्या घेऊन यायचे, तो घरात बसून नाही म्हणायचा. अंजनाच्या बाजूला तर तो परत फिरकलाच नाही. पण रोज पहिल्या एसटीनं एरंडोलला जायचा, लालचंद शेठच्या ओट्यावर बसायचा, लाडकुंवर तांब्या घेऊन बाहेर यायची. तो प्यायचा, मग ती. तिचा तो उन्हाळा निघाला. पुढचाही निघाला. ती बोलायला लागली, हसायलाही लागली थोडी, पण पहिला घोट त्याच्याशिवाय नाही.

त्याला त्या पाण्याची कधी चव लागली नाही. झोपही गेली होती, ज्यानं दुसऱ्यांना झोपवलं त्याचीच. एक्याण्णव सालच्या वैशाखात त्याला ताप भरला, उलट्या होत होत्या, पोटात काही ठरत नव्हतं. सकाळी तो काठी शोधायला लागला. भिकुबाईनं दार अडवलं. आता मरायला मोकळं तरी व्हा म्हणाली, किती वर्षं दुसऱ्याच्या तहानेचं पाणी पिणार?

“मले मरता येत नही,” उखर्डू म्हणाला, “ती वाट देखी राह्यनी.” आणि तिच्या हाताखालून वाकून तो एसटीला गेला.