अठराव्या दिवशीची शर्यत

आई गेली त्याच्या अठराव्या दिवशी मी ट्रायथलॉनमध्ये उतरलो. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. जे झालं तेवढं सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा ताडकळसच्या बाजूला एका खेड्यात, घर परभणीत. वय सत्तेचाळीस. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर अगदी काठावर आली म्हणून सांगितलं. तेव्हा चालायला लागलो, मग पळायला, मग एक जुनी सायकल घेतली. पोहणं लहानपणीच विहिरीत शिकलो होतो, पाठीला रिकामा डबा बांधून. या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक करायची शर्यत असते हे मला शहरातल्या सायकल चालवणाऱ्या मंडळींकडून कळलं. आमच्याकडची शर्यत छोटी होती. तीनशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, शेवटी पाच किलोमीटर पळायचं.

आईला तीन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दिवसा बायको बघायची, पहाटे मी. चारला उठायचं, तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, पुसायचं, पाठीला पावडर लावायची, पेज भरवायची. पेज भरवताना घाई केली की ठसका लागायचा, म्हणून चमचा अर्धाच भरायचा. साडेपाचला बायको उठली की पुढचा तास-सव्वा तास माझा. त्या तासात मी पळायचो किंवा सायकल काढायचो. सुट्टीच्या दिवशी जरा जास्त वेळ मिळायचा.

ती गेली तो सुट्टीचाच दिवस होता. मी जिंतूर रोडला दूर गेलो होतो आणि फोन सीटखालच्या पिशवीत होता. घरी पोचलो तेव्हा तिला जमिनीवर घेतलं होतं. शेजारचे चार लोक जमले होते. मी हेल्मेट घालूनच आत गेलो, आणि कुणीतरी ते हळूच माझ्या डोक्यावरून काढून घेतलं.

ताई मानवतला दिलेली. ती दुपारपर्यंत पोचली. रडून झाल्यावर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तीन वर्षं केलंस आन् शेवटचं पाणी तुझ्या हातचं न्हाई मिळालं तिला. सायकल फिरवायलास तू."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार, खरंच होतं.

मला रडू आलं नाही. दहाव्याला मुंडण केलं, तेराव्याला लोक जेवून गेले. येणारे-जाणारे म्हणायचे, मन घट्ट केलंय गुरुजींनी. घट्ट वगैरे काही केलं नव्हतं. कुणीतरी समोर पाटी धरावी आणि ती वाचता यावी, पण अर्थ लागू नये, तसं चाललं होतं. आईच्या अंगाखालच्या हवेच्या गादीची मोटर दिवसरात्र घुं घुं करायची, ती आता बंद होती. ती बंद आहे एवढंच काय ते मला सारखं जाणवायचं.

शर्यतीत नाव मी जानेवारीतच दिलं होतं. विसरूनही गेलो होतो. आदल्या दिवशी बायकोनं बॅग काढून पलंगावर ठेवली.

"अहो, उद्या जा तुम्ही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा. पंधरा दिवस झाले, नुसतं भिंतीकडं बघायलात."

ताईचा फोन आला तेव्हा बायकोनंच तिला सांगितलं. ताईनं फोन ठेवून दिला. मी गेलो तो काही जिद्दीनं नाही, किंवा आईच्या आठवणीत वगैरेही नाही. चारला जाग आली, कुणाला कूस बदलून द्यायची नव्हती, आणि बॅग समोर होती. म्हणून गेलो.

पोहण्याच्या तलावावर सहाला हजर व्हा असं कळवलं होतं. शर्यत साडेसहाला सुटायची होती. उद्घाटनाला येणारे पाहुणे सव्वाआठला आले. एप्रिलचा शेवटचा आठवडा, आमच्याकडं सव्वाआठला ऊन मानेवर बसतं. तोवर आम्ही सगळे मांडवात बसून होतो. माझ्या शेजारी एक साठीच्या पुढचे गृहस्थ होते. उंच, काटक, पायात नवे कोरे बूट. मानवतहून पहाटेच्या गाडीनं आले होते. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर.

"बत्तीस वर्षं उभ्यानं नोकरी केली," ते म्हणाले. "आता घरात बसवतच न्हाई. मंग पळायलो. तुमी?"

"शिक्षक आहे."

"मंग तुमी बी उभेच." ते हसले. खिशातून फुटाणे काढून माझ्यापुढं धरले. सकाळपासून त्यांनी एक चहा आणि तेवढे फुटाणेच खाल्ले होते, हे मला नंतर कळलं. माझ्या डोक्याकडं त्यांनी एकदा पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.

पोहण्यासाठी आमचे गट पाडले होते. वयस्कर हौशी मंडळींचा गट शेवटचा. पाण्यात उतरलो तेव्हा नऊ वाजत आले होते. पाणी अंघोळीला काढून ठेवल्यासारखं कोमट. रबरी टोपी गुळगुळीत डोक्यावर बसेना, दुसऱ्या फेरीत ती निघून गेली. मी हात मारत राहिलो. पाण्याखाली सगळे आवाज बंद झाले. तिथं मला बरं वाटलं असं लिहायला हवं, पण तसं काही नव्हतं. बाहेर जसं होतं तसंच आत.

सायकलचा टप्पा वसमत रोडला होता, दहा किलोमीटर जायचं आणि वळून परत. जाताना वारं पाठीवर होतं, ते कळलंही नाही. वळलो आणि समोरून भट्टीचं झाकण उघडल्यासारखी झळ आली. डांबर मऊ पडलं होतं, टायर त्याला चिकटून चर्र आवाज करत सुटायचे. बाटलीतलं पाणी इतकं तापलं की चूळ भरून टाकावं लागलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, एक झाड नाही. ट्रकवाला जवळून गेला की क्षणभर सावली मिळायची.

आई गेली तो दिवस आठवला. त्या दिवशीही मी असाच परत येत होतो, एवढं ऊन नव्हतं. तेव्हा मी काय विचार करत होतो हे आठवून पाहिलं. काहीच नाही. गिअर बदलत असेन. मांड्या जळायला लागल्या होत्या, ते कळत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या मांड्या असाव्यात तसं. मी पाय फिरवत राहिलो.

पळायचा रस्ता कृषी विद्यापीठाच्या आवारातून होता. तिथं झाडं आहेत, पण साडेदहाला झाडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा झालेल्या. पाण्याच्या टेबलावरच्या बाई तांब्या भरभरून प्रत्येकाच्या डोक्यावर ओतत होत्या. माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावर पाणी पडलं आणि त्या एकदम थबकल्या. "भाजलंय हो तुमचं डोकं," म्हणाल्या. मी त्यांना हात जोडले आणि पुढं गेलो.

अडीच-तीन किलोमीटर झाले असतील. रस्त्याच्या वळणावर एका कडुलिंबाखाली ते कंडक्टर दिसले. बसलेले नव्हते, बुंध्याला एका हातानं धरून उभे होते. दुसरा हात वर, जणू बसच्या दांडीला धरलंय. तोंड लालबुंद आणि अंगावर घामाचा टिपूस नाही.

"पुढं सरका," ते मला म्हणाले. "दारात उभं ऱ्हाऊ नका. मानवतवाले उतरा. मानवत."

"काका, खाली बसा."

"मानवत कोण हाय? घंटी मारायलो मी."

दांडी धरलेला हात त्यांनी खरंच हलवला, आणि गुडघ्यातून वाकले. मी काखेत हात घालून धरलं. सहा फुटांचा माणूस, पण मला वजन वाटलं नाही. तीन वर्षं एका बाजूचं वजन उचलायची सवय होती. खाली निजवलं, बूट काढले, माझी बनियन काढून बाटलीतल्या पाण्यानं भिजवली आणि मानेखाली, काखेत दाबून धरली. कातडी तव्यासारखी होती. मागून एक तरुण डॉक्टरसारखा दिसणारा, पण डॉक्टर नसलेला स्पर्धक आला. त्यानं बाटली उघडून त्यांच्या तोंडाशी नेली. मी त्याचं मनगट धरलं.

"तोंडात नको. ठसका लागेल. अंगावर ओत आणि टेबलापर्यंत पळ. बर्फ आण, ॲम्ब्युलन्स बोलाव."

माझा आवाज वर्गातला होता. तो पळाला.

त्यांना उलटी होणार हे मला अर्धा क्षण आधी कळलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही, हनुवटी तशी हलते. मी त्यांना कुशीवर वळवलं, एक हात खांद्यामागं, एक कमरेपाशी, वरचा गुडघा दुमडून पुढं. उलटी झाली ती बाजूला गेली. बोटानं तोंड पुसलं. हात आपोआप पाठीकडं गेले आणि पाठ चोळायला लागले. खालून वर, गोल गोल. तिथं चोळायची काही गरज नव्हती. मी ते बघत होतो आणि थांबवलं नाही.

"मानवत आलं का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"येतंय," मी म्हणालो. "झोपा तुम्ही. आल्यावर सांगतो."

त्या पोरानं बर्फाची पिशवी आणली. आम्ही दोघांनी पुठ्ठ्यानं वारं घातलं. ॲम्ब्युलन्स यायला दहा मिनिटं लागली असतील, जास्तही असतील. आतल्या डॉक्टरीण बाईंनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "बरं केलंत कुशीवर घेतलंत ते," म्हणाल्या. "तुम्ही पण बसा गाडीत, उघड्या अंगानं कुठं जाता या उन्हात?" मी नको म्हणालो. दार लागलं, गाडी गेली. लिंबाखाली त्यांचे नवे बूट राहिले होते. मी ते लेसनं बांधून गळ्यात अडकवले.

पुढचे दोन किलोमीटर मी चालत गेलो. पळायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि माझी सायकल शेवटच्या रेषेपलीकडं लावलेली होती. पोचलो तेव्हा मांडववाले गालिचा गुंडाळत होते. हवा भरलेली कमान अर्धी बसली होती, तिच्याखालून वाकून जावं लागलं. एका मुलीनं खोक्यातून मेडल काढून माझ्या गळ्यात घातलं, बुटांच्या वर. "काका, फोटो?" तिनं विचारलं. मी नको म्हणालो. त्या दिवशी मी सगळ्यांत शेवटी आलो.

बूट परत द्यायला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. कंडक्टर पलंगावर उशीला टेकून बसले होते, हातात सलाईन. त्यांच्या बायकोनं मला खुर्ची दिली. त्यांना झाडाखालचं काही आठवत नव्हतं. हातातले बूट ओळखून झाडाखाली मीच होतो हे त्यांच्या बायकोनं सांगितलं तेव्हा ते संकोचले.

"लय तरास दिला तुमाला."

"नाही. तुम्ही मानवत मानवत करत होता."

ते खूप वेळ हसले, मग खोकले. खोकला थांबल्यावर त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं. डोक्याची कातडी तोवर सुटायला लागली होती.

"घरात कोण गेलं?"

"आई."

"कधी?"

मी सांगितलं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, मी तिथं नव्हतो हेही सांगितलं. सायकलवर होतो म्हणालो. हे मी तोवर स्वतःहून कुणालाच सांगितलं नव्हतं, ज्यांना माहीत होतं त्यांना आपोआप माहीत होतं.

ते चादरीची घडी नीट करत बसले. मग म्हणाले, "माझा बाप गेला तवा मी गाडीवर होतो. पाथरीत निरोप मिळाला. पन्नास माणसं गाडीत. डायवर म्हणला, काय करायचं? म्हणलं, चल, गाडी तर न्यावीच लागती. सगळ्यांची तिकिटं फाडली. एक बी चुकलं न्हाई." चादर गुडघ्यावर ओढत ते म्हणाले, "ते एक बी चुकलं न्हाई, त्याचंच लय दिवस वाईट वाटायचं मला."

मी मान हलवली. त्यांच्या बायकोनं मोसंबी सोलून दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मी खाल्ल्या. काही सुटलं, मोकळं झालं, असं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. तसं काही झालं नाही. पण मी तिथं तासभर बसलो, एवढं खरं. सलाईन संपत आलं तेव्हा नर्सला बोलावून आणलं, त्यांना बाथरूमपर्यंत धरून नेलं, परत आणलं. त्या तासात घरी जायला हवं असं एकदाही वाटलं नाही.

महिन्याच्या विधीला ताई आली. खिडकीच्या गजाला माझ्या मुलीनं मेडल अडकवलं होतं. ताईनं ते पाहिलं. वाढताना माझ्या ताटात मात्र तिनं दुसऱ्यांदा भाजी वाढली, न विचारता. मी सगळी संपवली.

त्याआधीच, एक तारखेला, शाळेचा निकाल होता. दवाखान्यातून आलो त्या दुपारी कूलरसमोर बसून मी चौथीची निकालपत्रकं लिहायला घेतली. प्रत्येकाच्या नावापुढं एक ओळ लिहायची असते, स्वभावाबद्दल, आवडीबद्दल. सव्वीस मुलं होती. घामानं कागद हाताला चिकटत होते म्हणून मनगटाखाली रुमाल घेतला आणि पहिलं पत्रक पुढं ओढलं.