कानबाई शिरवल्यावरचं रक्त

२०२३ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. आणि नवागामात वत्सलाबाईचे मोठे दीर मला दारातच अडवून उभे होते.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण कॅन्सरच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मीच आणतो, आणि माझ्या हातून एकही नळी खराब गेलेली नाही.

काम असं. कॅन्सरच्या गाठीत काही प्रोटीन बिघडतात. शरीराला ती परकी वाटतात, आणि ते त्यांच्यावर रक्तात पहारेकरी सोडतं. त्यांना अँटिबॉडी म्हणतात. केमो सुरू झाली की हे पहारेकरी घटतात, मग मोजमाप खोटं पडतं. म्हणून रक्त आधीच हवं. आमच्याकडे मात्र पेशंट बायका यायच्या त्या केमो सुरू झाल्यावरच.

"काका, मंगळवारी वत्सलाबाईची केमो," लॅबच्या मॅडम म्हणाल्या होत्या. "आधीचं रक्त मिळालं नाही, तर ही पण गेली हातची. अशानं अभ्यास बंद करावा लागेल."

वत्सलाबाई राजी होती. पण रविवारी घरात कानबाई बसलेली. श्रावणातली आम्हा खान्देशींची देवी; सोमवारी सकाळी नदीत शिरवायची, म्हणजे विसर्जन.

"आज देवीना दिन शे," दीर म्हणाले. "घरमा सुई चालाव नई."

लॅबचा टेक्निशियन जिग्नेश माझी बाही ओढत गुजरातीत म्हणाला, "मूकी दो ने, काका."

मी कसला सोडतोय! म्हटलं, "घरमा नई ते नई. उद्या नदीवर?"

आतून वत्सलाबाईच बोलली, "देवी गई का मंग मी मोकळी."

सोमवारी तापीकाठी आम्ही रिक्षा लावून बसलो. ढोल, फुगड्या, गुलाल. देवी पाण्यात गेली, बाई रिक्षात आली. जिग्नेशनं रक्त काढलं, मी नळी बर्फात ठेवली.

"जरा जास्त काढ रे भाऊ," ती हसून म्हणाली, "परत बोलावशील नई ते."

यानं तिचा आजार बरा होणार नव्हता. ते तिला आधीच सांगितलेलं. पुढं कुणाची गाठ हाताला लागण्याआधीच रक्तातून कळावी, त्यासाठी हा खटाटोप.

तपासणीच्या प्लेटला छोट्या वाट्या असतात. अँटिबॉडी असली की वाटीत रंग चढतो. वत्सलाबाईची वाटी हळदीसारखी पिवळी झाली. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "केमोआधीची पहिली! काका, अभ्यास चालू!"

मी म्हटलं, "मग? बंद कोण करत होतं?"

"आता तुलनेला निरोगी बायकांचं रक्त आणा," मॅडम म्हणाल्या.

जिग्नेश हसला. "कोण देणार, काका?"

माणूस सुईला 'नाही' म्हणत नाही, अवेळी आलेल्या सुईला म्हणतो. एवढं कळलं की काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या बायकोला लॅबच्या खुर्चीत बसवलं. तिच्या मागे आमच्या गल्लीतल्या बायका, घरची कामं उरकून, रक्त द्यायला जिन्यापर्यंत उभ्या होत्या.